फळीवरचा हिशोब

गडचिरोली जिल्ह्यात मे महिन्यातला सर्वांत मोठा व्यापार तेंदूपानाचा, आणि आज शेकडो गावांत हा व्यापार गावाची ग्रामसभाच करते. वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरात देणे, निविदा उघडणे, ठेकेदाराशी करारनामा करणे, मजुरीचा दर ठरवणे, रॉयल्टी स्वतःच्या बँक खात्यात घेणे आणि तिचे घरोघरी वाटप करणे ही सारी कामे गोंड, माडिया, कंवर, हलबा वस्त्यांतले लोक करतात. जंगल कोणाचे, या प्रश्नावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. जंगलावरचा हक्क गावाला मिळाल्यानंतर त्याचा व्यवहार कसा चालतो, पैसे कोण मोजतो आणि तोट्याचा जाब कोणाला विचारायचा, याकडे मात्र कमी लक्ष गेले. हा कारभार पाहण्यासाठी मी ऐन उन्हाळ्यात नागपूरहून निघालो. आधी धानोरा तालुक्यातले मेंढा, मग उत्तरेला कोरची आणि शेवटी चंद्रपूर जिल्ह्यातले पाचगाव, असा मार्ग होता.

नागपूर सोडल्यावर उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी असा रस्ता लागतो. ब्रह्मपुरीपुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. धानाच्या बांध्या संपतात तिथे साग, ऐन, मोह यांची रांग लागते आणि त्यांच्या पायथ्याशी तेंदूची झुडपे दिसतात. कारखान्याची चिमणी मैलोन्‌मैल दिसत नाही, म्हणून बाहेरून येणारा माणूस जिल्ह्याला मागास म्हणून मोकळा होतो. पण साग, बांबू, तेंदू, मोह, डिंक, चारोळी हा माल इथून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेलेला आहे. हा मुलूख व्यापाराच्या बाहेर कधीच नव्हता. सौद्याला बसणारा माणूस तेवढा गावचा नसे.

त्याची कारणे कायद्यात आहेत. महाराष्ट्रात 1969 च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने तेंदूपानाची खरेदी-विक्री सरकारच्या हाती गेली. वनविभाग जंगलाचे घटक पाडून लिलाव करी, ठेकेदार माल उचली आणि पाने तोडणाऱ्याला मजुरी मिळे. बांबूची तऱ्हा निराळी. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येत बसवलेला, त्यामुळे तो तोडण्याचा अधिकार वनविभागाकडे आणि तो कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या ठेक्याने दिलेला. शेजारच्या कर्नाटकातले एक उदाहरण परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नोंदवले आहे: बुरुडांना बाजारात हजाराच्या घरात पडणारा बांबू कागद गिरणीला टनाला दीड रुपया दराने दिला जात होता. ज्याच्या दारात बांबू उगवतो त्याने टोपली विणायला चार काड्या आणल्या तर गुन्हा, आणि गिरणीला तोच बांबू जवळपास फुकट. आदिवासी भागाच्या गरिबीची चर्चा करताना हा दरपत्रकाचा भाग वगळला जातो, आणि तोच वगळणे सर्वांत चुकीचे आहे.

1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी चित्र बदलण्याची वाट करून दिली. पेसाने अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचे तत्त्व मान्य केले. महाराष्ट्राने 1997 मध्ये त्यासाठी कायदा केला खरा, पण सर्वांत जास्त पैसा देणारी दोन उत्पन्ने, तेंदू आणि बांबू, त्यातून बाहेर ठेवली. वनहक्क कायद्याने मात्र गौण वनोपजाच्या व्याख्येत दोन्हींचा नावानिशी समावेश केला. या एका व्याख्येवर गडचिरोलीतला पुढचा सगळा व्यवहार उभा आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवर मेंढा लागते. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभरेक घरांची ही गोंड वस्ती. कौलारू घरे, कुडाची कुंपणे, अंगणात सुकत घातलेला मोह. गावाची ओळख सांगणारी घोषणा महाराष्ट्रभर माहीत आहे: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांच्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, त्यातून गावातले देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल एकत्र आले. घोषणेपेक्षा महत्त्वाची आहे ती त्यानंतर गावाने घालून घेतलेली कामाची पद्धत.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. बाहेरून आलेल्याला ही पद्धत वेळखाऊ वाटते. धंद्यात तर ती चालणारच नाही, असे कोणीही म्हणेल. पण तिला जोड आहे अभ्यास गटाची. अभ्यास गटात गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, कायदा वाचतात, आकडे मांडतात, तिथे कोणताही निर्णय होत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत आणि तिथे बाहेरच्यांना मत नाही. माहिती देणारा आणि ठरवणारा यांची अशी फारकत केल्यामुळे सल्लागार गावाचा मालक होऊन बसत नाही. सहकारी संस्थांपासून बचत गटांपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी संस्था नेमक्या याच जागी बिघडल्या. सल्ला देणारा हळूहळू सही करणारा झाला आणि सभासद अंगठ्यापुरते उरले.

2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आणि जवळचेच मर्दा ही गावे होती. हक्काचा कागद आला तरी बांबू विकता येईना, कारण माल रस्त्यावर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचे पुस्तक वनविभागाकडे. बांबू तुमचा, पण गावाबाहेर नेता येणार नाही, अशी ती मालकी. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. 2012 मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे गेला. माझ्या दृष्टीने गडचिरोलीच्या आर्थिक इतिहासातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज हे साधे परवाना पुस्तक आहे. हक्कपत्राने जंगल मिळाले, बाजार मिळाला तो या पुस्तकाने.

त्यानंतर कारभाराचे खरे प्रश्न सुरू झाले. बांबूच्या रांजीतला कोणता बांबू तोडायचा? कोवळा ठेवायचा, जुना काढायचा, पावसाळ्यात कोंब फुटत असताना कुऱ्हाड लावायची नाही, हे नियम गावाला आधीपासून माहीत होते. आता ते मजुरीच्या हिशोबाला जोडावे लागले, कारण नगावर मजुरी मिळाली की घाईत कोवळा बांबूही तुटतो. विक्री कशी करायची? ग्रामसभेने निविदा मागवल्या. पैसा कोणाच्या नावावर घ्यायचा? ग्रामसभेचे स्वतंत्र बँक खाते, पॅन क्रमांक, लेखापरीक्षण, हे सगळे एकेक करून उभे राहिले. खर्च कशावर करायचा, हे पुन्हा सर्वसहमतीने. 2013 मध्ये गावाने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली जमिनीची मालकी ग्रामसभेकडे देण्याचा ठराव केला. ग्रामदानात कसण्याचा हक्क वारशाने कुटुंबाकडेच राहतो, विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो, उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात जातो आणि जमीन गावाबाहेर विकता येत नाही. ग्रामकोष म्हणजे गावाचे स्वतःचे भांडवल. बियाण्याला, आजारपणाला, लग्नाला सावकाराकडे जायचे की गावाकडे, हे त्या कोषावर ठरते.

मेंढ्याहून उत्तरेला आरमोरी, कुरखेडा करत कोरचीकडे जाताना तेंदूचा हंगाम जागोजागी भेटतो. त्याची तयारी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. झुडपे बुडाशी छाटतात, म्हणजे नवी, मऊ, मोठी पाने येतात. तोडणी एप्रिलच्या शेवटी सुरू होते आणि फार तर दोन-तीन आठवडे चालते. पहाटे माणसे जंगलात जातात, ऊन चढायच्या आत परततात. दुपारभर घराच्या सावलीत सगळे कुटुंब पुडे बांधते. एका पुड्यात 70 पाने, 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. चार वाजता डोक्यावर गाठोडी घेऊन बाया फळीवर येतात. फळी म्हणजे गावाबाहेरचे मोकळे, झाडलेले मैदान. पुडे जमिनीवर शेकड्याच्या ओळींत मांडतात. मुन्शी काठी घेऊन ओळीतून फिरतो, फाटक्या पानाचा पुडा बाजूला काढतो आणि आकडा सांगतो.

पूर्वी हा मुन्शी ठेकेदाराचा असे. शेकड्यामागे दोन-चार पुडे जास्तीचे घेतले जात, हलके म्हणून काढलेले पुडेही परत मिळत नसत, आणि लिहिलेला आकडा वाचता येणारे माणूस रांगेत क्वचितच असे. मी पाहिलेल्या एका फळीवर वही गावातल्याच बारावी झालेल्या मुलीकडे होती. मुन्शीने आकडा सांगितला की ती तो मोठ्याने परत म्हणे, बाई मान डोलावी, मगच आकडा वहीत आणि बाईच्या कार्डावर चढे. एका म्हातारीचे सात पुडे बाजूला काढले तेव्हा मुलीने काम थांबवले. दोन पुडे उघडून पाहिले, पाने धड निघाली, सातही पुडे मोजणीत परत आले. ठेकेदाराचा माणूस कुरकुरला, पण थांबला. ग्रामसभेच्या व्यापाराला सुशासन वगैरे मोठी नावे देता येतील. प्रत्यक्षात त्याचा पाया असा मैदानावर, उन्हात, एकेका पुड्यावर घातला जातो.

मोजलेले पुडे उन्हात सुकतात, उलटेपालटे केले जातात, मग पाणी शिंपडून बोदांत, म्हणजे मोठ्या पोत्यांत, भरले जातात. या काळात वळवाचा पाऊस आला तर पान काळे पडते आणि बिडीला चालत नाही. तेव्हा नुकसान कोणाचे? आधी ठेकेदार ते मजुरांच्या माथी मारी. आता जाणत्या ग्रामसभा करारनाम्यातच लिहून घेतात की फळीवर मोजून घेतलेला पुडा ठेकेदाराचा, पुढची जोखीमही त्याचीच. अशीच दुसरी अट हप्त्यांची. अमानत रक्कम आधी, रॉयल्टीचा ठरलेला हिस्सा माल उचलण्यापूर्वी, आणि ती जमा झाल्याशिवाय वाहतूक परवाना नाही. 2011 ला मिळालेले ते पुस्तक इथे कामाला येते. परवान्यावर सही करणारा हात गावाचा असेल तरच वसुली होते.

ही शहाणीव फुकट आलेली नाही. 2013 मध्ये विदर्भातल्या मोजक्या ग्रामसभांनी स्वतः तेंदू विकायला सुरुवात केली. 2014 मध्ये राज्याचे पेसा नियम आले, राज्यपालांच्या अधिसूचनेने तेंदू-बांबूवरचा अडसरही अनुसूचित क्षेत्रात दूर झाला आणि ग्रामसभांची संख्या झपाट्याने वाढली. 2017 च्या हंगामात तेंदूचे भाव कधी नव्हे इतके चढले. ज्या घरात वर्षभरात रोख पैसा दिसत नसे तिथे एका महिन्यात हजारो रुपये आले. पुढच्याच वर्षी भाव कोसळले. चढ्या भावाने बोली लावलेल्या काही ठेकेदारांनी पैसे थकवले, काहींनी फोन उचलणे बंद केले. ज्या गावांनी माल आधी जाऊ दिला होता त्यांच्या हाती फक्त करारनामा राहिला. त्यातच 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला आणि तेंदूपानावर 18 टक्के आकारणी झाली. कर कोणी भरायचा, नोंदणी कोणाच्या नावाने, विवरणपत्र कोण भरणार, हे ग्रामसभांना सांगणारे कोणी नव्हते. भर म्हणजे या मुलखात तेंदूच्या पैशावर बंदूकधाऱ्यांचा डोळा आणि म्हणून पोलिसांचाही. रोखीने वाटप करणाऱ्या गावाला दोन्हीकडून उत्तरे द्यावी लागत. थेट बँक खात्यात वाटप करण्याचा आग्रह वाढला तो यामुळेही.

एकेकट्या गावाला हे पेलत नाही, म्हणून कोरची तालुक्यात ग्रामसभा एकत्र आल्या. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या या छोट्या तालुक्यातल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांची मिळून महाग्रामसभा झाली. प्रत्येक गावातून दोन बाया आणि दोन पुरुष प्रतिनिधी येतात. लिलाव एकत्र होतो, त्यामुळे ठेकेदाराला एका गावाविरुद्ध दुसरे गाव उभे करता येत नाही. करारनाम्याचा मसुदा एकच असतो, नोंदवह्यांचा नमुना एकच असतो. महाग्रामसभा गावांच्या वरची संस्था नाही, याबद्दल इथले लोक फार जागरूक आहेत. जंगलाचा हक्क आणि पैसा गावाच्याच खात्यात राहतो, महाग्रामसभेला तिच्या खर्चापुरता वाटा मिळतो. गोंड समाजात अनेक गावांचा मिळून ‘इलाका’ आणि त्याची बैठक ही रीत जुनी आहे. ही नवी संस्था त्या जुन्या सवयीवर बसली, म्हणून टिकली, असे माझे मत आहे. जुन्या बैठकीत बायांना जागा नव्हती. ती महाग्रामसभेने नव्याने दिली आणि तेंदूच्या हिशोबात त्यांचाच आवाज आता जास्त ऐकू येतो.

अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा अभ्यास करणाऱ्यांना असेच काही दिसले होते. हार्वर्ड विद्यापीठात 1987 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ कॉल्ट यांनी आरक्षित प्रदेशांतल्या जमातींची तुलना केली. खनिज, जंगल किंवा शिक्षण जास्त असलेली जमात पुढे गेली असे आढळले नाही. निर्णय स्वतः घेणाऱ्या, ते अमलात आणणारी भक्कम संस्था असलेल्या आणि ती संस्था स्वतःच्या राजकीय परंपरेशी जुळणाऱ्या जमाती पुढे गेल्या. बाहेरून आलेली एकाच साच्याची घटना ॲरिझोनातल्या अपाचे समाजाला मानवली, कारण बळकट मुखियाची त्यांची परंपरा तिच्याशी जुळली. पाइन रिज इथल्या सू समाजात तिने सतत भांडणे लावली. आपल्याकडे एकाच नमुन्याच्या समित्या सगळ्या आदिवासी जिल्ह्यांत वाटण्याचा ज्यांना सोस आहे, त्यांनी ही तुलना जरूर वाचावी.

माझ्या मार्गातले शेवटचे गाव पाचगाव, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात आहे. 2012 मध्ये त्याला हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर हक्क मिळाला. इथले उत्पन्न बांबूचे. गावातली तरुण मुले कटाई, मोजणी, डेपोची राखण आणि लिलाव सांभाळतात, पाळीपाळीने जंगलात गस्त घालतात. पूर्वी मजुरीसाठी बाहेरगावी जाणारी कुटुंबे आता गावातच राहतात. पाचगावचा सर्वांत वेगळा निर्णय मात्र न विकण्याचा आहे. तेंदूपानासाठी झुडपे छाटावी लागतात, लवकर पालवी यावी म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात, झाड वाढत नाही आणि फळ धरत नाही. म्हणून गावाने तेंदूची तोडणीच बंद केली. हातातला रोख पैसा सोडण्याचा हा ठराव कुठल्याही अधिकाऱ्याने केला असता तर गावाने तो मोडला असता. स्वतः केला म्हणून पाळला जातो. तेंदूची झाडे आता फळतात, पोरे आणि पाखरे दोघांनाही फळे मिळतात. जवळच्याच जिल्ह्यात तेंदूवर वर्ष काढणारी गावे चुकीची आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांच्याकडे पाचगावाएवढा बांबू नाही.

या कारभाराला एक मोठी हद्द आहे, ती खनिजाची. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या टेकड्यांवर 2007 मध्ये 348 हेक्टरवर लोहखनिजाचा पट्टा दिला गेला. गौण खनिजासाठी पेसात ग्रामसभेची शिफारस लागते. लोहखनिज गौण खनिजात मोडत नाही. वनजमीन वळती करताना ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्राने 2009 च्या परिपत्रकात सांगितले होते. 2013 मध्ये ओडिशातल्या नियमगिरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 12 ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. गडचिरोलीत बऱ्याच ग्रामसभांनी खाणींविरुद्ध ठराव केले आहेत. तेंदूच्या पुड्याचा भाव ठरवणारे गाव डोंगराचे काय करायचे हे ठरवायला अपात्र आहे, ही भूमिका टिकणारी नाही. खाणीतून रोजगार मिळतो हे खरे. पण त्यात गावकरी मजूर असतो, करारनाम्यावर त्याची सही नसते.

बाकी अडचणी रोजच्या आणि सुटणाऱ्या आहेत. मोह एप्रिलमध्ये कवडीमोलाने विकला जातो आणि पावसाळ्यात तोच चढ्या भावाने परत घ्यावा लागतो, कारण साठवायला कोरडे गोदाम नाही. काही गावांत ग्रामसभा दोन-चार माणसांच्या मुठीत गेली आहे, सभेत हिशोब वाचला जात नाही. पेसा क्षेत्रातल्या पंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी मिळतो, पण त्याचा आणि वनोपजाच्या पैशाचा जमाखर्च वेगळा ठेवायला शिकवणारे कोणी नाही. फिरताना ठिकठिकाणी एकच मागणी ऐकली, ती अनुदानाची नव्हती. हिशोब लिहिणारा, कराची विवरणपत्रे भरणारा, करारनामा तपासणारा विश्वासू माणूस हवा, एवढेच लोक म्हणत होते. वाणिज्य किंवा कायद्याचे शिक्षण घेतलेल्या वाचकांपैकी ज्यांना मार्च ते जून या हंगामात काही आठवडे काढता येतील, त्यांनी गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर इथल्या एखाद्या महाग्रामसभेकडे जरूर जावे. मात्र जाऊन हिशोब स्वतः लिहू नये. गावातल्या एका मुलीला आणि एका मुलाला तो लिहायला शिकवावा.